पंचमीचा मुराळी

उघडं दार दिसलं की सुदामनाना आत शिरलेच. ते दार कुणाचं, आत कोण, आपलं तिथं काम काय, असले प्रश्न त्यांना पडत नसत. "दोन मिनिटं टेकतो," म्हणायचं, चपला काढायच्या आणि भिंतीला पाठ लावून बसायचं. एकदा परतूरला माझ्याकडे येताना त्यांची गल्ली चुकली आणि ते भलत्याच घरात शिरले. तिथं चहा घेतला, पोहे खाल्ले, म्हातारीच्या गुडघ्यांची चौकशी केली, धाकट्या लेकीसाठी तीर्थपुरीतलं एक स्थळ सुचवलं, आणि दीड तासानं घरधन्याला विचारलं, "बरं, ते सगळं जाऊ द्या, तुम्ही कोण?" गंमत म्हणजे ते स्थळ जमलं. लग्नात नाना पहिल्या पंगतीला होते आणि मला, शेजारच्या गल्लीत राहून, साधी पत्रिका नव्हती.

असल्या माणसाला काय म्हणावं? आमच्या गावात ज्यानं त्यानं आपापल्या परीनं नाव ठेवलं होतं. त्यांची बायको, काशीकाकू, सरळ "आमचं उंडगं" म्हणायची. "आमचं उंडगं तुमच्याकडं टेकलंय का वं?" असं विचारत ती संध्याकाळी घरोघर फिरायची, आणि तोवर नाना दुसऱ्या वाटेनं घरी पोचून शेजाऱ्यांना विचारायचे, "आमची काशी कुठं उंडारायला गेली?" तलाठी त्यांना उडाणटप्पू म्हणायचा. माझी सासू बोलघेवडा म्हणायची, तेही तोंड वाकडं करून. कुणी रिकामटेकडा म्हणे, कुणी म्हणे पायाला भिंगरी बांधूनच जन्माला आलाय. माझं मत विचाराल तर हाच माणूस पंचायत समितीला उभा राहिला असता तर त्याच्या फ्लेक्सवर 'दांडगा जनसंपर्क' असं छापलं असतं. अंगात कडक इस्त्रीचा सदरा नसला की त्याच गोष्टीला आपल्याकडं उंडगेपणा म्हणतात.

नानांना यातल्या कुठल्याच शब्दाचा राग नव्हता. म्हणायचे, "आमच्या आज्याच्या मागं मेंढरं होती. बारा महिने वाटंवर. माझ्या मागं मेंढरं न्हाईत, पण हे पायाला कोण सांगणार?" दुसरं एक वाक्य तर दिवसातनं चार वेळा ऐकावं लागे, "माणूस दिसला की बोलावं. न्हाई तर ढोरात अन् आपल्यात फरक काय?" मी एकदा वैतागून म्हटलं, "नाना, ढोरं निदान रवंथ करताना तरी गप बसतात." त्यावर ते इतके खूश झाले की हे वाक्य त्यांनी माझ्या नावानिशी अख्ख्या तालुक्यात सांगितलं. अजूनही एखादी अनोळखी बाई भेटते आणि म्हणते, "त्या ढोरंवाल्या सुमनताई तुम्हीच का?"

तर ती सुमनताई मीच. माहेर घनसावंगी तालुक्यातलं, तीर्थपुरीपासून कोसभर आत. लग्न होऊन परतूरला आले, अंगणवाडीत सेविका झाले, जन्मभर पोरांची वजनं केली आणि रजिस्टरं भरली. माणसांत फार रमणारी मी नव्हे. दुपारी कुणी कडी वाजवली तर मी आधी खिडकीतनं बघते आणि मग ठरवते, मी घरी आहे की नाही. अशा बाईच्या नशिबी नानांसारखा मुराळी यावा, याला काय म्हणावं!

मुराळी म्हणजे काय हे आताच्या पोरींना सांगावं लागतं, म्हणून सांगते. नागपंचमीला सासरच्या लेकीला माहेरी न्यायला जो येतो तो मुराळी. बहुतेक भाऊच. तो आला की सासू पाठवणार, नाही आला तर लेक कितीही तडफडली तरी तिनं आपल्या पायानं माहेरी जायचं नाही. आणि सण उलटून गेल्यावर मुराळी आला तर त्याचा उपयोग नाही. पाणी प्यायचं आणि रिकाम्या हातानं परत फिरायचं. मग दिवाळीपर्यंत वाट बघा.

मला सख्खा भाऊ नव्हता. श्रावणात वडील खुरपणीच्या मागं. मग माझी आई नानांना म्हणायची, "भावजी, तुम्ही हिंडताच की रिकामे. माझ्या सुमनला तेवढं घेऊन या." असं आणखी दहा-बारा घरांनी सांगितलेलं असायचं. गावच्या निम्म्या लेकींचे मुराळी नानाच.

नाना यायचे ते पंचमीच्या चांगले सहा दिवस आधी. माझी सासू कपाळाला हात लावायची. "अवो पाव्हणे, नाग अजून बिळातनं निघाला न्हाई, अन् तुम्ही आले पण?"

"बाई, आधी आलेला मुराळी चालतो. उशिरा आलेला बिलकुल चालत न्हाई."

एरवी वाक्यागणिक हसणारा माणूस हे बोलताना मात्र हसायचा नाही. पण माहेरी जायच्या घाईत मी कशाला तिकडं लक्ष देते!

खरी परीक्षा निघाल्यावर. परतूरहून आमचं गाव म्हणजे मधे एकदा गाडी बदलायची, जेवणाच्या वेळेला घरी. नानांबरोबर याला दोन दिवस लागत. वाटेतलं प्रत्येक गाव त्यांच्या ओळखीचं. "सुमे, इथं दोन मिनिटं टेकू." एसटीतनं उतरायचं, कुणाच्या तरी ओसरीवर बसायचं, पुढची गाडी निघून जाताना बघायची. माझ्या डोक्यावर पेटी, कडेवर पोरगं, आणि नाना पुढं हात हालवत, "आलोच म्हणून समजा!" असं गावाला ओरडून सांगत. पहिल्या वर्षी मी रडले. दुसऱ्या वर्षी भांडले. तिसऱ्या वर्षापासून सोबत विणकाम घ्यायला लागले.

चार-पाच पंचम्या गेल्यावर मला दिसायला लागलं की हे टेकणं वाटतं तितकं बिनकामाचं नव्हतं. ज्या घरी आम्ही थांबायचो त्या बहुतेक घरात आमच्या गावची एखादी लेक दिलेली असायची. नाना आत सासू-सासऱ्यांसमोर फटाके फोडल्यासारखे बोलायचे, सगळ्यांना हसवायचे, तिच्या हातच्या चहाची वाहवा करायचे. निघताना ती पोरगी पाण्याचा तांब्या घेऊन गल्लीच्या तोंडापर्यंत यायची. तिथं नाना आवाज खाली आणून एकच विचारायचे, "काही सांगायचं हाय का, बाय?"

बहुतेकींचं उत्तर असायचं, "न्हाई नाना, बरं हाय." एखादी मात्र पदर तोंडात धरायची. मग नाना तिथंच उभं राहून सगळं ऐकून घ्यायचे आणि त्या पोरीच्या बापाच्या ओसरीवर जाऊन टेकायचे. एक पोरगी त्यांनी अशीच कायमची परत आणवली. आज ती जिवंत आहे ती त्यामुळं, असं तिची आई अजून म्हणते.

माझ्याकडं मारहाण वगैरे काही नव्हतं, पण अंगणवाडीची जागा निघाली होती आणि सासू म्हणत होती, सून घराबाहेर पाठवायची नाही. गल्लीच्या तोंडाशी नानांनी विचारलं तेव्हा मी एवढंच बोलले, "अर्ज भरायचाय नाना, आत्याबाई नको म्हणतात." नाना मागं वळले. घरात शिरून म्हणाले, "दोन मिनिटं टेकतो," आणि तीन दिवस राहिले. सासू स्वयंपाकघरात गेली की दाराशी बसून बोलायचे. ती देवळात निघाली की बरोबर देवळात. ती डोळे मिटून पडली की म्हणायचे, "बाई, झोप लागंना का? मंग ऐका." अर्जाचा विषय त्यांनी एकदाही काढला नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सासू माझ्या नवऱ्याला म्हणाली, "भर बाबा तिचा अर्ज. पण आधी ह्या माणसाला गाडीत बसवून ये."

नवरा त्यांना परतूर स्टेशनवर घेऊन गेला. तिथं नानांना परभणीकडं निघालेला एक ओळखीचा भेटला. त्याची पिशवी ठेवायला म्हणून नाना डब्यात चढले आणि थेट परभणीला गेले, कारण बोलणं अर्धं राहिलं होतं.

असा हा माणूस, ज्याला जिल्ह्यातली एकही वाट वर्ज्य नाही, तो राजूरकडं मात्र कधी जायचा नाही. अंगारकीला सगळं गाव टेम्पोत बसून राजूरच्या गणपतीला निघायचं. नाना टेम्पोपर्यंत यायचे, सगळ्यांना हात द्यायचे आणि खालीच थांबायचे. "गणपतीला माझी आठवण आली तर तो येईल की. त्याच्याकडं उंदीर हाय." लोक हसायचे, टेम्पो निघून जायचा. राजूरच्या पलीकडं दोन कोसांवर त्यांची धाकटी बहीण, गया, दिलेली होती. मी तिला दोनदा कुणाच्या तरी लग्नात पाहिलेली. जेवली की उठली, त्याच दिवशी परत. गावच्या साऱ्या लेकी पंचमीला झोके घेत आणि नानांची सख्खी बहीण तेवढी कधी नसे. काशीकाकूला मी एकदा विचारलं तर ती म्हणाली, "मूळ घेत न्हाई ती, न्यायला माणूस धाडला तरी येत न्हाई. म्हणती, माझं माहेर आईच्या जितेपणीच संपलं. काहून, ते देवाला म्हाईत. आमचं उंडगं बाकी समदं बोलतं, एवढंच बोलत न्हाई."

मग दिवस पालटले. पोरींच्या हातात मोबाईल आले, जावयांनी गाड्या घेतल्या. "नाना, कशाला तरास घेता, आम्ही आमचं येतो की कारनं," असं एकेक घर म्हणायला लागलं. त्यात वाईट काहीच नाही, पोरी आपल्या पायानं येतात हे चांगलंच आहे. पण श्रावण लागला की नाना पिशवी भरून ओट्यावर बसायचे, आणि कुणी सांगायला यायचं नाही. फोन त्यांनाही मुलानं घेऊन दिला होता. फोनवर बोलून झालं की ते उठून त्याच माणसाच्या घरी जायचे, "फोनवर नीट बोलणं झालं न्हाई," म्हणून. पंच्याहत्तरी ओलांडली की एसटी फुकट, हे सरकारनं बहुतेक नानांना विचारूनच ठरवलं असावं. त्याच वर्षी काशीकाकू गेली. आणि त्याच वर्षी त्यांचा पाय बिघडला.

साखरेचा आजार जुनाच होता. दिवसाला पंधरा घरचा चहा, तोही गोड. मी रागवायचे, "बिनसाखरेचा सांगायला काय होतं?" तर म्हणायचे, "तसं सांगितलं की घरच्या बाईला दुसरं पातेलं ठेवावं लागतं." चपलेचा पट्टा लागून बोटाला जखम झाली, ती भरेना. जालन्याला नेऊन दोन बोटं काढली. तरी काळं वर चढतच राहिलं. गेल्या श्रावणात डॉक्टर म्हणाले, पंचमी झाली की या, गुडघ्याखालून काढावा लागेल.

मी भेटायला गेले तेव्हा दार सताड उघडं होतं आणि नानांनी बाज उंबऱ्याला लावून घेतली होती, रस्त्याकडं तोंड करून. मुलगा पुण्याकडं कंपनीत, महिन्यातनं एकदा येतो. भाकरी शेजारीण देते. मी तासभर बसले असेन. तेवढ्यात रस्त्यानं सात-आठ जण गेले. प्रत्येकाला नाना हाक मारायचे आणि प्रत्येक जण पुढं सरकत म्हणायचा, "घाईत हाव नाना, येताना टेकतो." येताना सगळे मागच्या गल्लीनं जात असावेत. मला असा संताप आला की काय सांगू! या माणसानं कुणाकुणाचे उंबरे झिजवले, कुणाच्या लेकी आणल्या, आणि याच्या उंबऱ्याला दोन मिनिटं कुणी टेकेना. संताप ओसरल्यावर ध्यानात आलं की मी स्वतः दोन महिन्यांनी आले होते.

"सुमे," नाना म्हणाले, "मला राजूरकडं न्यायचं. गयाकडं. पाय हाय तवर."

"डॉक्टरांनी पाय खाली टेकवायला मनाई केलीय."

"कापायचाच हाय तो. मंग एवढं एक डाव चालू दे की त्याला."

पंचमी दोन दिवसांवर होती. पायाच्या पट्टीवर प्लास्टिकची पिशवी बांधली, हातात काठी दिली आणि आम्ही एसटीत बसलो. कंडक्टर ओळखीचा निघाला. "नाना! लई दिसानं! कुणाकडं निघाले?" नानांनी नुसती मान हलवली. या माणसाला गप बसलेलं मी कधी पाहिलंच नव्हतं.

जालना मागं पडल्यावर ते खिडकीकडं बघत बोलायला लागले. गयाला दुसरी पण मुलगी झाली तेव्हाची गोष्ट. नाना पंचविशीचे. सासरचे तिला उठता-बसता बोलत होते, पंचमीला माहेरी जाईन, चार दिवस आईपाशी पडेन, एवढ्यावर ती दिवस काढत होती. आईनं नानांना तिच्याकडं मुराळी म्हणून धाडलं. नाना पोचले ते पंचमीच्या दुसऱ्या दिवशी. गया नवं लुगडं नेसून दोन्ही पोरींना घेऊन दारात बसलेली. दोन दिवसांपासून तशीच. तिची सासू बाजूला उभी.

"गया म्हणली, 'दादा, काहून रे इतका उशीर?' सासू बघून राह्यली होती. मला लाज वाटली. माझ्या तोंडातनं निघून गेलं, 'मी काय करू, आईनंच उशिरा धाडलं.'"

"आणि खरं काय होतं?"

"खरं? आईनं चार रोज आधी धाडलं होतं, सुमे. मी वाटंत टेकत टेकत गेल्तो."

सण उलटला होता, सासूनं पाठवलं नाही. नानांना वाटलं, दिवाळीला आणू तेव्हा आई आणि लेक समोरासमोर बोलतील, सगळं सरळ होईल. दसऱ्याच्या आत आई तापानं गेली. गया आली ती मातीला. उभ्या उभ्या परत गेली.

"उशीर झाला ते पाप माझं. ते फेडता आलं आसतं. पण मी आईवर ढकललं, अन् आई मरून गेली. मेलेल्या बाईनं कुठं येऊन सांगावं, की मी उशीर केला न्हाई म्हणून?"

मी विचारलं, "इतक्या वर्षांत एकदा सांगता आलं नाही?"

"हजार माणसांशी बोललो गं. हे एवढं एक न्हाई निघालं तोंडातून."

"आज नाही निघालं तर?"

"मंग तू सांग."

"मी नाही सांगणार," मी म्हटलं. कठोर वाटलं असेल, पण खरंच नसतं सांगितलं. ते वाक्य दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकण्यात गयाबाईंना काय मिळणार होतं?

राजूरहून रिक्षा केली. गावाच्या तोंडाशी चिखल, रिक्षावाला पुढं जाईना. मग नानांनी काठी टेकत चालायला सुरुवात केली. दोन्हीकडं दारं उघडी. ओट्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्यानं हाक दिली, "कोण पाव्हणे? या की, टेका जरा. पायाला काय झालं?" नानांनी लांबूनच हात जोडले आणि थांबले नाहीत. पिशवीच्या आत पट्टी लाल झालेली मला दिसत होती.

गयाबाई अंगणात मुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. डोकं पार पांढरं, सत्तरीच्या घरातल्या. सून चुलीपाशी. नानांना बघून त्या उठल्या नाहीत.

"दादा? ह्या पायानं कामून आलास?"

"पंचमी परवा हाय."

"म्हाईत हाय मला." त्यांनी पुढची शेंग उचलली. "बस. सूनबाई, पाणी दे त्यायला."

सुनेनं पाणी आणलं, घोंगडी टाकली. नाना बसले नाहीत. काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. ओठ हलत होते आणि आवाज येत नव्हता. मी खाली बघत होते. मनात म्हणत होते, बोला नाना, जन्मभर नको तिथं बोललात, आता बोला.

"गया," ते म्हणाले, "त्या साली आईनं उशिरा न्हाई धाडलं."

शेंग तशीच हातात राहिली.

"चार रोज आधी धाडलं होतं तिनं मला. मी खोटं बोललो तुझ्याशी."

"मंग तू कुठं होतास?"

नानांना तेव्हा काहीही सांगता आलं असतं. ताप आला, नदीला पूर होता, गाडी मोडली. गोष्टी रचायला त्यांना कधी वेळ लागला नव्हता. पण ते म्हणाले, "वाटंत एका गावात कुस्त्या होत्या. चार जण वळखीचे भेटले. तिथंच राह्यलो. लई मजा येऊन राह्यली होती, गया. दिवस ध्यानातच न्हाई राह्यले."

सून हातातली फुंकणी तशीच धरून बसली.

"आई काय म्हणली होती?" गयाबाईंनी विचारलं. "तुला धाडताना."

"म्हणली, पोरगी दारात बसली आसंल. कुठं टेकू नको."

गयाबाई उठल्या. मांडीतल्या शेंगा सगळ्या मातीत सांडल्या. त्या नानांपाशी आल्या आणि दोन्ही मुठींनी त्यांच्या छातीवर मारायला लागल्या. म्हाताऱ्या हातात जोर तो किती! "मुडद्या! अरे मुडद्या! मी तिच्या तोंडात पाणी न्हाई रे घातलं! बाया रडत होत्या अन् मी कोरडी बसले. मला वाटलं, जिला माझी आठवण न्हाई आली तिच्यासाठी कशाला रडू. दहाव्याला आले न्हाई. इतकी वर्सं मी तिचं नाव न्हाई घेतलं, दादा!" नाना हलले नाहीत. मारू दिलं त्यांनी. काठी सुटून पडली तेव्हा मी मागून त्यांना धरलं.

मग गयाबाई खाली बसल्या, चिखलातच, आणि त्यांनी गळा काढला. "आई वं... माझे माय वं... मी दारात होते वं..." आमच्याकडं मयताला बाया रडतात तसं, हेल काढून, आईला एकेक गोष्ट सांगत. हे रडणं कुणी शिकवत नाही आणि एकदा सुरू झालं की ते आवरत नाही. मी आईच्या मातीला अशीच रडले होते. विशीतली पोरगी रडावी तशा त्या सत्तर वर्षांच्या बाई रडत होत्या.

असा आवाज आला की गाव काम टाकून येतं. शेजारच्या बाया डोक्यावर पदर घेत धावत आल्या. काय झालं म्हणून कुणी विचारलं नाही. गयाबाईंभोवती दाटून बसल्या, एकीनं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, दुसरीनं डोळ्याला पदर लावला, आणि हळूहळू सगळ्याच रडायला लागल्या. आपापली आई सगळ्यांनाच असते. सून भांबावून माझ्याकडं बघत होती. मी तिला खुणेनं सांगितलं, चूल विझव.

पुरुषही आले. टोप्या काढून ओट्यापाशी बसले. मी नानांना तिथंच टेकवलं. मघाशी हाक मारणारा तो म्हातारा त्यांच्या शेजारी येऊन बसला आणि हळूच म्हणाला, "कोण वारलं?"

"आई," नाना म्हणाले.

"कधी?"

"दसऱ्याच्या आधी."

श्रावण चालू होता, दसरा अजून यायचाच होता. म्हाताऱ्यानं एकदा नानांच्या तोंडाकडं बघितलं, एकदा त्यांच्या पायाकडं, आणि मान खाली घातली. दुःखाच्या घरी जास्त विचारत नाहीत.